वैशाखात गाव बघणाऱ्या सिस्टर

सोयरीक जमवताना आपल्याकडे पत्रिका बघतात, जमीन बघतात, पाहुणेरावळे बघतात आणि पोरगा पितो का हे त्याच्या शेजाऱ्याला चहा पाजून काढून घेतात. सुमन सिस्टर यातलं काहीच बघत नसत. त्या ऊन बघायच्या. पोरगी द्यायची असेल तर गाव वैशाखात बघावं, दुपारी बाराला बघावं आणि न सांगता बघावं, असा त्यांचा नियम होता. "श्रावनात काय, गाढव बी हिरवं दिसतं," असं त्या म्हणायच्या.

आता सरकारी नर्सबाईंचा आणि सोयरिकीचा संबंध काय, हे विचारायची सोय नव्हती. मी एकदा विचारून बसलो होतो. नवीन होतो, नगर शहरातून आलेला होतो, आणि शहाणपण सांगायची मला हौस होती. सिस्टर लसीच्या डब्यात बर्फ भरत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "भाऊ, पोरीला जगात मी आनायची, आन उन्हात दुसऱ्या कुनी घालायची? असं कसं चालंल?" त्यांच्या हातून झालेल्या बाळंतपणांची गणती त्यांच्याकडेही नसावी. त्यातली प्रत्येक मुलगी ही त्यांना स्वतःची जबाबदारी वाटे, आणि तिच्या सासरचं गाव तपासल्याशिवाय त्यांना झोप लागत नसे.

आमचं उपकेंद्र होतं माळखडकला. खर्ड्याचा किल्ला ओलांडून पुढे गेलं, की आधी झाडं संपतात, मग डांबर संपतं, आणि आता आपण चुकलो असं वाटायला लागलं की माळखडक येतं. मी तिथला आरोग्यसेवक. गावाच्या भाषेत मलेरियावाला. साठलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या शोधून औषध टाकायचं हे माझं काम. मी दारात दिसलो की बाया म्हणायच्या, "आधी पानी साठू द्या, मंग डास बगू." पण खरं सांगायचं तर डास होते. टँकर आठवड्यातून एकदा यायचा, त्यामुळे लोक पिंपात पाणी जपून ठेवायचे, आणि जपलेल्या पाण्यावर डेंग्यूच्या डासाचा फार जीव. सिस्टर म्हणायच्या, "पाऊस झाला तर हिवताप, न्हाई झाला तर डेंग्यू. डासाला दोन्हीकडून पगार हाय."

सिस्टर मूळच्या संगमनेरच्या बाजूच्या, पाटपाण्याच्या मुलखातल्या. नोकरीची पहिली काही वर्षं तिकडे काढली आणि मग बदली होऊन इकडे आल्या त्या आल्याच. नवरा तिकडे डेअरीत. वर्षातले दोन महिने जेमतेम एकत्र, आणि म्हणूनच संसार टिकला असं त्या बिनदिक्कत सांगायच्या. अंगाने बारीक, आवाजाने मोठ्या, पायात पुरुषी कॅनव्हासचे बूट आणि हातात काळी छत्री. ही छत्री पावसात उघडलेली मी कधी पाहिली नाही. पाऊस आला की त्या ती मिटून घ्यायच्या आणि भिजत चालायच्या. उन्हाळ्यात पर्समध्ये कायम एक कांदा असे. ऊन लागू नये म्हणून लोक कांदा खिशात ठेवतात, त्याची त्या यथेच्छ टिंगल करायच्या. मग तुमच्याकडे का, असं विचारलं तर म्हणायच्या, "हा औषधाचा न्हाई, भाकरीबरूबरचा हाय."

दिवाळी झाली की माळखडक अर्धं रिकामं होई. ट्रक लागत, बायकापोरं, शेळ्या, भांडी आणि कोयते वर चढत, आणि सगळे ऊसतोडीला जात, त्यातले बरेच थेट सिस्टरांच्याच माहेरच्या मुलखात. सिस्टर प्रत्येक लेकुरवाळीच्या हातात लसीकरणाचं कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून द्यायच्या आणि मुकादमाला दम भरायच्या. ट्रक गेल्यावर रस्त्यात उभ्या राहून एकदा म्हणाल्या होत्या, "आमच्या तिकडं ऊस पिकतो, हिकडं ऊस तोडनारी पिकत्यात. पावसानं वाटनीच अशी केली."

गाव तपासायची त्यांची रीत मात्र बघण्यासारखी होती. रविवारी किंवा सुट्टीच्या दिवशी जायचं, आणि सोबतीला मला न्यायचं. मी कशाला, तर मोटरसायकल माझी होती. गावात शिरलं की पहिलं काम म्हणजे बायकांना आशीर्वाद देणं. समोर येईल त्या बाईच्या डोक्यावर त्या हात ठेवायच्या. बाईला वाटे, किती मायाळू नर्स आहेत. सिस्टरांची बोटं तिकडे टाळू चाचपत असायची. वर्षानुवर्षं डोक्यावरून हंडा वाहिला की टाळूवरचे केस झिजून गोल चकती पडते. "पानी कुठून आनता असं इचारलं की बाया 'जवळच हाय' म्हनत्यात," सिस्टर मला समजावत. "टाळूला खोटं बोलता येत न्हाई."

मग किराणा दुकान. तिथे त्या कुलपं मागायच्या. दिवाळीत आकाशकंदिलापेक्षा कुलपं जास्त खपतात का, हे दुकानदाराच्या तोंडून काढायच्या. ज्या गावाला घर राखायला माणूस उरतं त्याला कुलूप कशाला लागेल? आणि शेवटी पारावरच्या म्हाताऱ्यांना विनोद सांगायचा. लहानपणापासून खोल विहिरीचं फ्लोराइडचं पाणी प्यालं की दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात, ते बघायला म्हातारे हसणं आवश्यक होतं. सिस्टरांना विनोद एकच येत होता. डॉक्टर म्हातारीला म्हणतो, आजी, रोज आठ ग्लास पाणी प्या. म्हातारी म्हणते, डॉक्टर, टँकर आठ दिसांनी येतो, मंग आठवड्याचं एकदमच पिऊन ठिवू का?

या विनोदाची गंमत माझ्या फार उशिरा लक्षात आली. काष्टीकडे, जिथे पाटाचं पाणी आहे, तिथल्या पारावर त्यांनी तो सांगितला तेव्हा कुणीच हसलं नाही. एकाने तर काळजीने विचारलं, "मंग पिली का म्हातारी?" आणि पाथर्डीकडच्या एका कोरड्या गावात सांगितला तर म्हातारे मांडीवर थापा मारून हसले. एकाला ठसका लागला. सिस्टर उठल्या, छत्री उघडली आणि मला म्हणाल्या, "चला भाऊ. दात बगायची बी गरज न्हाई." त्या गावात पोरगी गेली नाही. तिथला एक आजोबा आपला पडलेला मुतखडा कुंकवाच्या डबीत जपून ठेवून पाहुण्यांना दाखवायचा, हेही त्या नकाराचं एक कारण होतं.

एका उन्हाळ्यात वरून हुकूम आला, की प्रत्येक ठिकाणी उष्माघात कक्ष स्थापन करा. आमच्याकडे खोल्या दोन. एकीत बाळंतपणं, दुसरी पत्र्याची, पश्चिमेला तोंड करून बसलेली. साहजिकच पत्र्याच्या खोलीवर 'उष्माघात कक्ष' अशी पाटी लागली. एक खाट आली आणि एक कूलरही आला. कूलरला पाणी लागतं, ते नव्हतं, म्हणून तो गावातल्या लग्नांमध्ये शोभेला जाऊ लागला. मग तपासणीला एक साहेब आले. सिस्टरांनी त्यांना अगदी आदराने कक्षात खाटेवर बसवलं, "रजिस्टर घिऊन आले," म्हणाल्या आणि बाहेरून कडी घातली. रजिस्टर त्यांच्या काखेतच होतं. साहेबांनी आतून दार वाजवायला सुरुवात केली तेव्हा सिस्टर मला म्हणाल्या, "अजून दोन मिंटं. कक्षाचा अनुभव पुरता यायला पायजे."

साहेब घामाने निथळत बाहेर आले. त्याच दुपारी सिस्टरांनी ती पाटी उचलली आणि मारुतीच्या देवळाला नेऊन टांगली. जुनं दगडी देऊळ, जाड भिंती, आत फरशी गार. साहेबांनी पुसलं, "मंदिरात सरकारी कक्ष? नियमात बसतं का?" सिस्टर म्हणाल्या, "साहेब, ह्यो मारुती ल्हानपनी सूर्य गिळायला गेल्ता. उन्हाचा त्याच्याइतका अनुभव दुसऱ्या कुनाला हाय?" यावर सरकारचं काही परिपत्रक नव्हतं. पाटी राहिली.

आता बापूकडे येतो, कारण सिस्टरांची खरी परीक्षा बापूने घेतली.

बापू माळखडकचाच, आमच्या आरोग्य केंद्राच्या ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर. सिस्टर या गावात आल्या त्या आठवड्यात जन्मलेला, म्हणजे इथलं त्यांच्या हातचं पहिलं पोर. स्वभावाने सोन्यासारखा, गाडी अशी चालवायचा की आतल्या पेशंटच्या पोटातलं पाणी हलू नये. दोष एकच, केस. कपाळावर तुरा, मागे रुळणारे, आणि खिशात पेनाऐवजी कंगवा. ॲम्ब्युलन्सचा आरसा कायम स्वतःकडे वळवलेला असे. "बापू, मागून गाडी येतीय का ते कळावं म्हनून आरसा असतो," सिस्टर म्हणायच्या. बापू म्हणायचा, "सिस्टर, आपल्या मागं कोन येतंय?" हे मात्र खरं होतं. तिशी उलटून गेली तरी माळखडकात मुलगी द्यायला कोणी तयार नव्हतं. गावात अशा बिनलग्नाच्या पोरांची एक अख्खी क्रिकेट टीम होती, राखीव खेळाडूंसकट.

आणि मग केंद्रात पल्लवी आली. कंत्राटी नर्स, खर्ड्यात खोली घेऊन राहायची. संगमनेरजवळची, आणि योगायोग असा की सिस्टर एकदा सुट्टीला माहेरी गेल्या होत्या तेव्हाचं, त्यांच्याच हातचं बाळ. ॲम्ब्युलन्समध्ये पेशंटची नाडी धरता धरता तिचं आणि बापूचं जमलं. हे आम्हाला कळलं ते आरशामुळे. आरसा आता मागच्या सीटकडे वळला होता.

पल्लवीच्या वडिलांना सगळे आबा म्हणत. ऊस, गाई, पाटाचं पाणी, सगळं व्यवस्थित. मुलीची पसंती ऐकून त्यांनी आरडाओरडा केला नाही. एवढंच म्हणाले, की जिनं हिला जगात आणलं ती सिस्टर तिथंच आहे. ती गाव पास म्हणाली तर देतो. आणि सिस्टरांच्या नियमाप्रमाणे वैशाखात, दुपारी बाराला, मी स्वतः बघायला येतो.

नियम न सांगता येण्याचा होता, पण पल्लवीने बापूला सांगितलं, बापूने आईला सांगितलं, आणि माळखडकात एकीला सांगितलेलं स्पीकरवर सांगितल्यासारखंच असतं. सरपंच दुसऱ्या दिवशी उपकेंद्रात हजर. "सिस्टर, तुमाला आमी काय सांगावं? तुमाला तर गावाच्या नाड्या म्हायती. तुमी फकस्त गप बसा."

"मी गपच असते," सिस्टर म्हणाल्या. "पन कुनी इचारलं तर बोलते."

सरपंच गेल्यावर त्या पायरीवर बसल्या. छत्री मिटवून मांडीवर घेतली होती. "भाऊ, बापू माझ्या हातचा. पल्लवी बी माझ्या हातची. खरं बोलले तर त्याचं वाटोळं, खोटं बोलले तर तिचं. आजवर लोकांची गावं नापास करत फिरले, आता माझंच पुढ्यात आलं." मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा घाबरलेलं पाहत होतो. काहीतरी धीराचं बोलावं म्हणून मी म्हणालो, की बघू, होईल काहीतरी. यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी अळ्या शोधायला निघून गेलो.

गावाने तयारी जोरात केली. डाग पडलेल्या दातांचे सगळे म्हातारे टेम्पोत भरून खर्ड्याच्या बाजारला पाठवले. जाताना त्यांना भजी खाऊन संध्याकाळीच परत या असं बजावलं. किराणा दुकानदाराने कुलपं पोत्याखाली लपवली. बायकांना डोक्यावरून पदर घट्ट घ्यायला सांगितलं. आणि सरपंचाने डोकं चालवून सगळ्यांत मोठी करामत केली. टँकर दर आठवड्याला गावाबाहेरच्या विहिरीत पाणी सोडायचा. त्या आठवड्याचं ते पाणी त्याने शेततळ्यात सोडायला लावलं. दिवाळीपासून तळ्याचा प्लास्टिक कागद ऊन खात पडला होता. पाहुण्याला निळंशार तळं दिसावं, एवढीच त्याची इच्छा.

म्हशींचा मात्र त्याने विचार केला नव्हता. दिवाळीनंतर त्या बिचाऱ्यांनी डुंबण्याइतकं पाणी पाहिलं नव्हतं. सकाळी एकीला वास लागला, ती गेली, आणि तिच्यामागे गावातल्या एकूण एक म्हशी दावी तोडून गेल्या. काठ्या झाल्या, हाका झाल्या, पेंड दाखवून झाली. एकही म्हैस बाहेर यायला तयार नाही.

आबा बाराच्या ठोक्याला आले. सफारी, वर जाकीट, डोक्याला कडक फेटा. मुलीचा बाप शोभला पाहिजे ना. पाठीमागे पल्लवी. सिस्टर छत्री घेऊन सामोऱ्या गेल्या. बापूच्या आईने, कौसाबाईने, पाण्याचा तांब्या पुढे केला. आबांनी हात जोडले. "नको. सिस्टरनीच शिकवलंय, परगावचं पानी तपासल्याबिगर प्यायचं न्हाई." कौसाबाईचा चेहरा उतरला. सिस्टर काही बोलायला गेल्या, तेवढ्यात सरपंचाने आबांचा दंड धरला आणि तळ्याकडे नेलं.

तळ्यापर्यंतची वाट उघड्या माळावरची. सरपंच बोलत होता, आबा चालत होते, आणि सिस्टर मागून ओरडत होत्या की फेटा सोडा, छत्रीत या. पाहुणा असा कधी फेटा सोडतो? तळ्याच्या बांधावर आम्ही पोचलो तेव्हा पाणी कुठेच दिसत नव्हतं. काठोकाठ म्हशी दिसत होत्या. नुसती शिंगं, नाकपुड्या आणि परमसंतोष. आबा बराच वेळ बघत राहिले. मग सरपंचाला म्हणाले, "ही म्हशींची शेती हाय का?" आणि एवढं बोलून जागच्या जागी कोसळले.

अंग तव्यासारखं तापलेलं, घाम बंद, आणि बोलणं असंबद्ध. आबा मला "मालती" म्हणायला लागले. पल्लवीने नाडी धरली आणि सिस्टरांकडे पाहिलं. सिस्टरांची भीतीबिती कुठल्या कुठे गेली. "बापू, ॲम्ब्युलन्सला फोन. भाऊ, पाय धरा. देवळात." त्या दिवशी बापूची सुट्टी होती, गाडी दुसऱ्या ड्रायव्हरकडे होती आणि यायला पाऊण तास तरी लागणार होता. "तंवर थंड करायचं. आधी थंड, मंग दवाखाना," सिस्टर म्हणाल्या.

मारुतीसमोर, 'उष्माघात कक्ष' या पाटीच्या खाली, आबांना गार फरशीवर निजवलं. जाकीट गेलं, सफारी गेली, फेटा गेला, आणि उरली पट्ट्यापट्ट्यांची अंडरवेअर. सिस्टर म्हणाल्या, "पानी आना," आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं. विहीर रिकामी होती. आठवड्याचं पाणी म्हशींच्या अंगाखाली होतं. सरपंच खाली बघायला लागला.

गावात पाणी होतं ते फक्त घराघरातल्या हंड्यांत, आणि तेही पुढच्या टँकरपर्यंत पुरवायचं. कौसाबाई वळली आणि स्वतःचा हंडा घेऊन आली. फरशीवर निजलेल्या आबांवर तो तिने रिता केला. तिच्या मागे दुसरी आली, मग तिसरी. पदर घट्ट घ्यायचं कुणाला सुचलं नाही. एक एक बाई वाकायची, हंडा रिता करायची आणि बाजूला व्हायची. पल्लवी ओली चादर फिरवत होती. बापू ती पाटीच उतरवून वारा घालत होता. मी अजून मालतीच होतो, हात धरून बसलो होतो. सिस्टर काखेतला थर्मामीटर परत परत बघत होत्या आणि पुटपुटत होत्या, "चूक माझी. पानी पिऊ नका म्हनून शिकवलं मीच."

बऱ्याच वेळाने आबांनी नीट डोळे उघडले. माझा हात सोडला, हे पहिलं सुचिन्ह. मीठसाखरेचं पाणी घोट घोट प्याले. त्यांच्यावर त्या क्षणी कौसाबाई वाकली होती, आणि पदर खांद्यावर पडलेला. तिच्या टाळूवरची वाटीएवढी गुळगुळीत चकती आबांच्या डोळ्यांसमोर होती. सिस्टरांची रीत आबांना माहीत होती. ते बघत राहिले. मग मान वळवून म्हणाले, "सिस्टर, गाव पास का नापास?"

अख्खं गाव देवळाच्या दारात उभं होतं. बापूच्या हातातली पाटी थांबली. सिस्टरांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा पल्लवीकडे.

"नापास," त्या म्हणाल्या. "पानी आठ दिसांनी येतं. ह्या वेळचं म्हशींनी पिलं. दिवाळीला निम्मं गाव कुलूप लावून जातं. म्हातारे दात लपवायला बाजारला पाठवलेत."

"मंग मी जित्ता कसा ऱ्हायलो?" आबांनी विचारलं.

"ते गावामुळं न्हाई. बायांमुळं."

चादर पिळणारे पल्लवीचे हात थांबले. मग सिस्टर म्हणाल्या, "गाव नापास. पोराला मातर एटीकेटी देते. अट हाय." आणि त्या बापूकडे वळल्या. "पल्लवीच्या डोक्यावर हंडा चढायचा न्हाई. तुज्या आईच्या बी न्हाई. घरातलं पानी तू आनायचं. डोक्यावरून. गाडीवरून न्हाई, ढकलगाडीवरून न्हाई."

"गाडीवरून का न्हाई?" बापू कसाबसा म्हणाला.

"मंग मला कळायचं कसं?"

बापूचा हात आपसूक तुऱ्याकडे गेला. मी त्याच्या मनातलं वाचू शकत होतो. एकीकडे पल्लवी, एकीकडे केस. त्याने एकदा आईकडे पाहिलं आणि मान खाली घालून विचारलं, "हंड्याखाली चुंबळ चालंल का?"

"बायांना चालती, तुला बी चालंल," सिस्टर म्हणाल्या. आबा ओल्या फरशीवर पडल्या पडल्या हसायला लागले. तेवढ्यात ॲम्ब्युलन्स आली. आबांना दवाखान्यात घेऊन जाताना गाडी बापूनेच चालवली आणि आरसा पहिल्यांदा रस्त्याकडे वळवला.

लग्न झालं. दिवाळीनंतर, गावातले ट्रक हलायच्या आधी, म्हणजे सगळ्यांना जेवता यावं. आणि बापू खरोखर डोक्यावरून पाणी आणू लागला. पहाटेच ड्युटीच्या आधी दोन खेपा, संध्याकाळी दोन. सुरुवातीला गावाने भरपूर हसून घेतलं. मग बिनलग्नाच्या क्रिकेट टीमच्या लक्षात आलं, की हंडा वाहणाऱ्याला संगमनेरची मुलगी मिळते. दुसऱ्या उन्हाळ्यात विहिरीवर पोरांची रांग लागली. एकाने तर कहर केला. वाट बघायला वेळ नव्हता म्हणून खर्ड्याच्या सलूनमध्ये जाऊन टाळूवर वाटीएवढी गोल चकती भादरून आला आणि सिस्टरांच्या पाया पडायला वाकला. सिस्टरांनी हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. "हंड्यानं गेलेले केस टोचत न्हाईत रं," म्हणाल्या. पण नंतर त्याच पोराने खरंच वाहिला हंडा, हेही सांगितलं पाहिजे. सरपंचाने त्या वर्षी तळ्याला कुंपण घातलं. म्हशी अजून त्याच्यावर नाराज आहेत.

सिस्टर निवृत्त झाल्या तोही वैशाखच होता. संगमनेरच्या दिशेची एसटी खर्ड्याहून दुपारी. बापूनेच ॲम्ब्युलन्समधून आणून सोडलं. अर्धं माळखडक स्टँडवर आलं होतं. सिस्टरांच्या पायात तेच बूट, पर्समध्ये कांदा, आणि छत्री उघडलेली. मला म्हणाल्या, "भाऊ, पिंपावर झाकन." एवढाच माझा निरोप. मला रडू आलं, आणि मी ते घामात खपवलं.

सरपंच हार घेऊन पुढे झाला. "सिस्टर, आता तरी गाव पास म्हना."

"नापास," सिस्टर म्हणाल्या. "नळाला पानी आलं की कळवू नका. मी येईन वैशाखात. न सांगता."

शेवटी बापू. अलीकडे तो टोपी घालायला लागला होता, आणि ती कुणासमोर काढत नसे. पाया पडायला वाकला तेव्हा सिस्टरांनी ती टोपी हळूच काढून पल्लवीच्या हातात दिली. पुढचा तुरा अजून जागेवर होता, पण त्याच्या मागे, बरोबर मधोमध, उन्हात चकाकणारी एक गोल चकती होती. सिस्टरांनी तिच्यावर हात ठेवला. आशीर्वादाला लागतो त्यापेक्षा बराच जास्त वेळ त्यांची बोटं तिथे फिरत राहिली. कंडक्टरने दोनदा घंटी मारली.

"पास," सिस्टर म्हणाल्या. मग छत्री मिटवून त्या एसटीत चढल्या.